पाणीच तर आहे म्हणे!

"पानी ही तो है मॅडम, जाने दो."

काल संध्याकाळी गळका फ्लश बघायला आलेला प्लंबर हे बोलला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन दिवस "निकला हूँ, पाँच मिनट में आया" करत शेवटी उगवला. चपला घालून आत. फ्लशच्या टाकीचं झाकण उचललं आणि नेमकं मशीनवर घडी करून ठेवलेल्या धुतलेल्या टॉवेलांवर उपडं टाकलं, त्याची सगळी बुळबुळ टॉवेलांना. मग मोबाइलचा टॉर्च मारून आत बघितलं. हात घातला नाही. बोटसुद्धा ओलं केलं नाही! "पूरा सेट बदलना पडेगा. बाईस सौ." मी म्हटलं, अहो, नुसतं खालचं वॉशर गेलंय, तेवढं बदला. तर म्हणे वॉशर आता कोणी बदलत नाही. म्हटलं, रात्रंदिवस पाणी वाहतंय हो. त्यावर हे उत्तर. आणि वर बघण्याचे तीनशे रुपये घेऊन गेला!

जाने दो? का म्हणून जाने दो?

त्याला बोलवायच्या आधी मी सगळं तपासून ठेवलं होतं. रविवारी जिलबीचा केशरी रंग चमचाभर टाकीत टाकला आणि फ्लशला कोणालाही हात लावू दिला नाही. दहा मिनिटांत कमोडच्या भांड्याच्या मागच्या बाजूने केशरी ओघळ उतरायला लागला. म्हणजे टाकी गळतेय हे नक्की. मग अँगल कॉक, म्हणजे टाकीत पाणी सोडणारा भिंतीवरचा नळ, बंद केला, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने रेघ मारली आणि वीस मिनिटांनी मापाच्या भांड्याने परत रेघेपर्यंत भरलं. दोन लिटर लागले, म्हणजे गळती खालूनच. तासाला सहा, दिवसाला १४४ लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात सरकारी हिशोबात. एका माणसाच्या पिण्यापासून आंघोळीपर्यंतच्या पाण्याहून जास्त पाणी आमच्या घरातून सरळ गटारात जात होतं, आणि हा म्हणतो जाने दो.

त्यात तो आवाज. पातळी उतरली की बॉलकॉक, म्हणजे टाकी भरणारा तरंगत्या गोळ्याचा नळ, उघडणार, सूंऽऽ करत भरणार, गप्प होणार. जरा डोळा लागतो तोवर परत सूंऽऽ. पंधरा रात्री मी हे ऐकलंय. घरातल्या बाकीच्यांना काही ऐकू येत नाही, ह्यांना तर मुळीच नाही. "तू त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस" म्हणे. पाणी वाहत असताना लक्ष कसं नाही द्यायचं?

माझं माहेर शहापूर तालुक्यातलं. तानसा धरण आमच्याकडे, भातसाही आमच्याकडे. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला येतंय, त्याचे ते भले मोठे पाइप इथे मुलुंडवरूनच जातात. आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर मे महिन्यात टँकर लागतात, अजूनही. सत्तरी ओलांडलेली माझी काकू टँकरचा हॉर्न ऐकला की हातातलं काम टाकून हंडा घेऊन पळते. भाजी धुतलेलं पाणी तिने कधी फेकलेलं मी पाहिलं नाही, भांड्यांना तरी वापरते नाहीतर तुळशीला तरी घालते. तिच्या उशाचं पाणी एवढ्या लांब आणून, शुद्ध करून, पंपाने आठव्या मजल्यावर चढवून आम्ही संडासात सोडून द्यायचं. हे मला सहन होत नाही. कोणालाच होऊ नये.

आमच्या सोसायटीला होतं. सेक्रेटरींनी लिफ्टजवळ "पाणी जपून वापरा" अशी पाटी लावलीय आणि रोज सकाळी सहाला गच्चीवरची टाकी भरून वाहते, खालच्या पार्किंगमध्ये धो धो धार. २०२४ च्या जूनमध्ये दहा टक्के कपात होती तेव्हासुद्धा वाहत होती! मी तीनदा लेखी दिलंय. मागच्या महिन्यात टाकी साफ करून घेतली तीही तशीच. ना नोटीस, ना पहिलं गढूळ पाणी सोडून दिलं. ती सगळी रेती पाइपातून आमच्या घरांत उतरली. माझं वॉशर त्यानेच गेलं.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. आज दुपारी अँगल कॉक बंद करून मी स्वतः फ्लशची टाकी उघडली. आतला व्हॉल्व्ह डावीकडे जरासा फिरवला की सुटतो, त्याला बाईस सौचं काय काम? खालची काळी रबराची रिंग काढली. अंगठ्याने चोळली तर अंगठा काळा. एका कडेला नखाएवढी खाच, आणि खाचेत रुतलेले रेतीचे तीन कण. एवढ्यासाठी पंधरा दिवस, दोन हजार लिटरच्या वर पाणी.

ती रिंग घेऊन मुलुंडमध्ये चार दुकानं फिरले. चारही ठिकाणी एकच, "सुटं येत नाही, सेट घ्या." टाकी घ्यायला गेलो होतो तेव्हा शोरूममधला मुलगा अर्धा तास दोन बटणांचं कौतुक सांगत होता, हे छोटं तीन लिटरचं, हे मोठं सहाचं, किती पाणी वाचेल बघा. चार वर्षांत त्याचं वॉशर बाजारात मिळत नाही! मग वस्तू बनवता कशाला?

शेवटी ट्रेन पकडून मस्जिद बंदरला उतरले आणि हार्डवेअरच्या दुकानांची नागदेवी स्ट्रीट गाठली. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने जुनी रिंग हातात घेतली, उलटसुलट केली, मागच्या डब्यातून तीन काढून एकेक तिच्यावर ठेवून बघितली आणि तिसरी माझ्या हातावर ठेवली. पस्तीस रुपये. "बसण्याची जागा फडक्याने पुसून घ्या ताई, रेती राहिली तर ही पण जाईल." दोन मिनिटांत त्या माणसाने जे केलं ते बाकी कोणाला करावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी बसवली. केशरी रंग परत टाकला, तासभर भांडं पांढरं स्वच्छ. पेन्सिलच्या रेघेवरून पाणी हललं नाही.

आता रात्रीचा एक वाजलाय. आमची टाकी गप्प आहे, त्यामुळे डक्टमधून वरच्या मजल्यावरची ऐकू येतेय. सूंऽऽ, थांबली, परत सूंऽऽ. मागे विचारलं तर वहिनी म्हणाल्या होत्या, "प्लंबरने सेट मागवलाय." उद्या सकाळी केशरी रंगाची पुडी घेऊन वर जाते.