लिंबूटिंबूवर राज्य येत नाही

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाटलं की यातलं निम्मं तरी बरोबर आहे, म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की प्रत्येक गेममध्ये सोपा मोड असायलाच हवा, आणि ‘सेकिरो’ या तलवारबाजीच्या अवघड गेममध्ये तो न देणं हा फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा निव्वळ हेका आहे. त्यावर तुमचं म्हणणं असं: सोपा मोड म्हणजे पुस्तक उघडून पेपर लिहिणं. त्याचे दिग्दर्शक मियाझाकी यांनी गेम जसा बनवला तसा खेळा, नाहीतर सोडून द्या. आणि मला स्वतःला त्यातला गेनिचिरो हा तगडा शत्रू हरवता आला नसणार, म्हणून ही रडारड.

शेवटचं आधी घेतो. हरवला! अशिना किल्ल्याच्या गच्चीवर तीन संध्याकाळी गेल्या. पहिल्या दोन दिवशी मी याच कंपनीच्या आधीच्या ‘डार्क सोल्स’च्या सवयीनं कोलांट्या मारत पळत होतो आणि मरत होतो. तिसऱ्या दिवशी कंटाळून जागेवर उभा राहिलो आणि त्याचा वार येईल त्या ठोक्याला तलवार आडवी घालायला लागलो. खण्, खण्, जरा थांबून परत खण्. तो ताल एकदा कानात बसला आणि अर्ध्या तासात गडी आडवा झाला. आता खरं सांगायचं तर त्या गेममध्ये सोपा मोड असता तर दुसऱ्याच संध्याकाळी मी तो लावला असता, कोलांट्या मारतच जिंकलो असतो आणि तो ताल मला कधी ऐकूच आला नसता. तेव्हा ‘प्रत्येक गेममध्ये’ हे माझे शब्द मी मागे घेतो. तिथे तुम्ही जिंकलात.

पण ‘जसा बनवला तसा’ यावर मात्र माझं तुमच्याशी भांडण आहे.

‘सेकिरो’तच बघा. सेनपो देवळाकडच्या डोंगरात एक घंटा आहे. ती वाजवली की शत्रू आणखी कडक होतात आणि बदल्यात माल चांगला मिळतो. गेम एकदा संपवून पुन्हा सुरू केलात तर कुरोचा ताईत परत करता येतो. मग वार नुसता अडवून भागत नाही, अचूक क्षणी परतवला नाही तर अडवूनही थोडं रक्त जातंच. म्हणजे काठिण्यपातळीची कळ मियाझाकींच्या गेममध्येही आहे, फक्त ती वरच फिरते. त्यांची मर्जी, माझी हरकत नाही. पण कळच नाही असं म्हणू नका.

तुम्ही ‘सेलेस्ट’ या डोंगर चढायच्या गेममधल्या असिस्ट मोडला, म्हणजे खेळणाऱ्याला हवी ती मदत देणाऱ्या सोयीला, नावं ठेवलीत आणि मूळ गेमला ‘शुद्ध’ म्हणालात. त्या शुद्ध गेममध्ये काय चालतं माहितीये? नायिका मॅडलिनचा पाय कड्यावरून पुढे गेला, ती हवेत आली, तरी सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतका वेळ तिला उडी मारता येते. गेम बनवणारे याला कायोटी टाइम म्हणतात. कार्टूनमधला तो कायोटी, म्हणजे कोल्हा, कडा संपल्यावरही खाली बघेपर्यंत पडत नाही, त्यावरून. उडीत डोकं कोपऱ्याला घासलं तर गेम तिला हळूच बाजूला सरकवून वर जाऊ देतो. ही मदत तुम्हालाही मिळाली आहे, असिस्ट मोडला हात न लावता. कुणी सांगितलं नाही एवढंच.

आणि कॉन्ट्रा? आपल्या पिढीत कॉन्ट्रा ‘शुद्ध’ कुणी खेळलाय? वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. तीनाच्या तीस लाइफ. ही युक्ती काझुहिसा हाशिमोतो यांची. १९८६ मध्ये कोनामी कंपनीचा ‘ग्रेडियस’ हा गेम फॅमिकॉम या घरगुती टीव्ही गेमवर आणताना तो त्यांना स्वतःलाच जमेना, तपासायचा कसा, म्हणून त्यांनी हा कोड घातला आणि तो तसाच राहून गेला. आपल्या तक्रारीतला सगळा अहंकार उतरवायला एवढी गोष्ट पुरे: बनवणाऱ्यालाच गेम जड गेला होता.

त्याआधीचे पार्लर तर विचारूच नका. आर्केड मशीनच्या पोटात छोटे स्विच असायचे. किती लाइफ द्यायच्या, गेम किती कडक ठेवायचा, हे मालक ठरवायचा. एसटी स्टँडसमोरच्या पार्लरात आम्ही नाणी घालत होतो ती कुणा कलावंताच्या संकल्पनेपुढे नव्हे, तर मालकाच्या गल्ल्याच्या हिशेबापुढे.

आता कॉपीचा मुद्दा. इथे मला माझ्या आतेभावाला मध्ये आणावं लागेल. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. सुट्टीत त्याच्याकडे टीव्ही गेम असायचा, कॅसेट फुंकून लावायची पद्धत होती, आणि कोड न मारता तीन लाइफमध्ये कॉन्ट्रा संपवणारा आमच्या ओळखीत तो एकटा. कोड मारणाऱ्याला तो पॅडला हात लावू द्यायचा नाही. आठ वर्षांपूर्वी वर्कशॉपमध्ये त्याच्या उजव्या हाताला अपघात झाला. अंगठा ठीक आहे, पण दोन बोटं वाकत नाहीत. मागच्या दिवाळीत मी त्याला ‘सेलेस्ट’ दाखवला. पहिल्या प्रकरणातच पॅडच्या खांद्यावरचं बटण धरून डॅश, म्हणजे हवेत झेप, मारायची वेळ आली आणि तो पॅड ठेवून चहा करायला निघून गेला.

असिस्ट मोडमध्ये गेमचा वेग दहा-दहा टक्क्यांनी कमी करता येतो, शंभरापासून पन्नासापर्यंत. आणखीही मदत आहे: न संपणारा दम, जादा डॅश, अगदी मरणंच बंद. दादानं बाकी कशाला हात लावला नाही, फक्त वेग सत्तर केला. तेच काटे, त्याच उड्या, चुकलं की मरण तेच. फक्त वाकत नसलेल्या बोटांना पोहोचायला वेळ मिळाला. दहावीच्या परीक्षेत हात मोडलेल्या मुलाला लेखनिक मिळतो, त्याला आपण कॉपी म्हणत नाही. उत्तरं त्यालाच सांगावी लागतात.

गंमत म्हणजे दादा तुमच्याच पक्षाचा आहे. ‘हे चीटिंगच आहे रे,’ म्हणतो, आणि खेळतो.

हो, सगळ्या सोप्या मोडची वकिली मी करत नाही. शत्रूचं रक्त दुप्पट केलं की झाला ‘हार्ड’, निम्मं केलं की ‘ईझी’, हा निव्वळ आळशीपणा आहे. आणि गेमचं पहिलं बटण दाबायच्या आधीच ‘कोणती पातळी हवी’ विचारणं म्हणजे भाजी चाखायच्या आधी मीठ हवं का विचारण्यासारखं.

त्याहून वाईट म्हणजे टोमणे. १९९२ च्या ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’त सर्वांत सोपी पातळी निवडली की नायकाला बाळाचं टोपरं आणि तोंडात चोखणी, वर लिहिलेलं ‘बाबा, मी खेळू का?’. ‘निंजा गायडेन ब्लॅक’मध्ये सुरुवातीलाच तीनदा मेलात की ‘निंजा डॉग’ व्हायचा पर्याय समोर येतो, घेतला तर हाताला फीत बांधून मिरवायचं. उलट ‘हेडीस’मध्ये याच गोष्टीला गॉड मोड असं भारदस्त नाव आहे: सुरुवातीला मार २० टक्के कमी लागतो, प्रत्येक मरणामागे आणखी २ टक्के कमी, ८० पर्यंत. ‘सेलेस्ट’वाल्यांनीही मोडच्या वर आधी काठिण्य अत्यावश्यक असल्याचं बजावलं होतं, तो मजकूर त्यांनी नंतर बदलून सौम्य केला. शब्दांनी फरक पडतो.

लहानपणी डबा ऐसपैस खेळताना मला लिंबूटिंबू करायचे. ते मला माहीत नव्हतं. मी पाण्याच्या टाकीमागे श्वास रोखून बसायचो आणि कधीच सापडायचो नाही, आपण लपण्यात उस्ताद आहोत असं वाटायचं. एकदा दादाच कुणाला तरी म्हणताना ऐकलं, ‘त्याला राहू दे, तो लिंबूटिंबू आहे.’ सापडत नव्हतो कारण कुणी शोधतच नव्हतं. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ (२००५) पडद्याआड हेच करतो. तुम्ही मरत राहिलात की शत्रू गुपचूप कमी आणि नरम होतात. हे कळल्यावर त्या गेममधल्या माझ्या दोन-तीन मोठ्या विजयांची चव गेली. त्यापेक्षा मला सांगा, कळ माझ्या हातात द्या, मग सत्तर करायचं की शंभर ते माझं मी बघेन. मागच्या लेखात खरं तर हे लिहायला हवं होतं.

दादा आता शेवटच्या चढावर आहे, समिटवर. तिथे तीसपासून उलट मोजणारे झेंडे लागतात. गेल्या आठवड्यात त्यानं वेग ऐंशी केला. मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं. परवा रात्री फोन आला, आठव्या झेंड्यावर दोन तास अडकलाय. मी म्हटलं, ‘अरे, तिथे डॅश आधी वर मारायचा, मग...’

‘सांगू नको,’ म्हणाला आणि फोन ठेवला.