बाबा, हळू बोला

आमच्या बाबांना हळू बोलता येत नाही. तब्येतीचा वगैरे काही प्रॉब्लेम नाही, बारा वर्षं लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, काढलीत त्यांनी, आणि दोनशे साचे खडखडत असताना पलीकडच्याला "तंबाखू दे रे" एवढं सांगायचं तर आवाज कुठून काढायला लागतो ते ज्याचं त्यालाच माहीत, आणि तो एकदा बाहेर आला की परत आत जात नाही. वर कानही साच्यांनीच खाल्लेले. चाळीत हे कुणाला कधी जाणवलंच नाही कारण तिथे सगळेच तसले. पण हा माणूस तीन महिने आमच्याकडे इंग्लंडमध्ये डार्बीला राहायला आला आणि दुसऱ्याच दिवशी शेजारचे गृहस्थ दारात उभे, सगळं ठीक आहे ना, काही मदत हवी का म्हणून. बाबांनी फक्त चहा मागितला होता.

दोन आठवड्यांनी बायको म्हणाली तुम्ही यांना कुठेतरी फिरवून आणा, मला मीटिंग अटेंड करता येत नाहीये. लंडन दाखवून झालं होतं, ते त्यांना "दादरसारखंच आहे, फक्त स्वच्छ" इतपत आवडलेलं. मग माझ्या डोक्यात आयडिया आली.

"बाबा, तुम्हाला मिल दाखवतो. सगळ्यात जुन्यांपैकी एक."

"चालू का बंद?"

"बंद."

"मग ती मी रोजच बघत होतो की."

तरी शनिवारी निघालो. बेल्पर म्हणून गाव आहे, डार्बीपासून ट्रेनने दहा-बारा मिनिटं, वीसएक हजार वस्ती, बाजाराचं गाव आणि एकेकाळचं गिरण्यांचं गाव. गाडी तासाला एक आणि डबे दोन. डब्यात पंधरा-वीस माणसं असतील, सगळी खिडकीबाहेर बघत किंवा मोबाइलमध्ये. बाबा बसले, माकडटोपी नीट केली (जून महिना होता, असो) आणि इकडून तिकडे बघून म्हणाले, "सगळे मयताला चाललेत काय रे?"

"अहो बाबा, हळू बोला."

"मी हळूच बोलतोय."

हा डायलॉग दिवसभरात चाळीसेक वेळा झाला असेल, दर वेळी लिहीत बसत नाही.

बेल्परला उतरलं की मेन रोड म्हणजे किंग स्ट्रीट, आणि ही किंग स्ट्रीट सरळ चढाला लागलेली. गिरण्या खाली नदीकाठी आणि बाजाराचा चौक वर. २०१४ साली या हाय स्ट्रीटला देशातल्या चांगल्या बाजारपेठेचं बक्षीस मिळालंय, ते मी बाबांना चढता चढता सांगितलं, तर ते म्हणाले बक्षिसाच्या पैशात लिफ्ट बसवायची होती.

वर एका दुकानापाशी दम खायला थांबलो तर दारातल्या बाई बाबांकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "आय अप, मी डक!"

"काय म्हणाली?"

आता डार्बीशरमध्ये हे सगळ्यांनाच म्हणतात, आपल्याकडे कसं बाळा, राजा, भाऊ म्हणतात तसं, पण मी घाईत शब्दशः सांगून बसलो. "बदक म्हणाली."

बाबा थांबले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांना गिरणीतल्या जॉबरपासून (म्हणजे मुकादमापासून) सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत अनेकांनी अनेक प्राण्यांच्या नावांनी हाक मारलेली, पण बदक नवीन होतं. मग मी प्रेमाचा शब्द आहे वगैरे समजावलं, आणि ती माझी दिवसातली सगळ्यात मोठी चूक, कारण बाबांना जन्मात पहिल्यांदा एक इंग्रजी वाक्य सापडलं जे ते कुणालाही न घाबरता बोलू शकत होते. पुढून एक माणूस येत होता, सहा फूट उंच, मानेपर्यंत टॅटू, हातात वासराएवढा कुत्रा. "हॅलो डक!!" कुत्रा दचकला. मी बूट बांधायला खाली बसलो, माझ्या बुटाला लेस नाही. तो माणूस म्हणाला, "ऑलराइट, डक," आणि गेला निघून. मग काय, बाबा सुटलेच. पोस्टमन डक, बाबागाडीतलं बाळ डक, चर्चसमोरच्या म्हाताऱ्या दोघी डक आणि डक. आणि गंमत म्हणजे सगळे उत्तर देत होते. मी इथे सहा वर्षं राहतोय, मला रस्त्यात कुणी एवढं बोललेलं नाही.

मग बाक. इंग्लंडमध्ये बागेतल्या बाकांवर पितळी पट्टी असते, अमक्याच्या स्मरणार्थ, त्यांना ही जागा फार आवडायची, अशी. बाबांचे गुडघे बोलायला लागले म्हणून मी त्यांना एका बाकावर बसवायला गेलो, तर ते पट्टीवर बोट ठेवून "हे काय लिहिलंय" म्हणाले, मी सांगितलं, आणि ते जे उठले ते उठलेच. मेलेल्या माणसाची जागा, तिथे कसं बसायचं. पुढच्या बाकावरही पट्टी. त्याच्या पुढच्यावरही. "या गावात जिवंत माणसांनी बसायचं कुठे?" हा प्रश्न त्यांनी अख्ख्या बागेला विचारला.

शेवटी बसायला मिळालं ते चॅरिटी शॉपमध्ये. लोकांनी देऊन टाकलेल्या वस्तू स्वस्तात विकतात ना, तिथे. आत शिरताच एकदम शांतता, मागे बारीक आवाजात गाणं, काउंटरला एक आजी. आणि बाबांना एका टोपलीत घडी घातलेली पांढरी चादर दिसली.

मी त्यांना कापड हातात घेताना बऱ्याच वर्षांनी बघितलं. अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून नुसतं चोळलं नाही, आधी कडेला गेले, किनार शोधली, तिच्यावरून नख ओढलं, मग चादर खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली आणि सरकवत सरकवत एका जागी थांबले. "हे बघ. इथे एक ताणा तुटलाय. चार बोटं तसाच गेलाय, मग जोडलाय." मला काहीच दिसेना. मग दिसलं, केसाएवढी फट, वरून खाली. "साचेवाल्याचं लक्ष नव्हतं. का दोनऐवजी चार साचे दिले असतील त्याला. डॅमेजमध्ये पैसे कापले असणार बिचाऱ्याचे." हे सगळं अर्थातच गिरणीच्या आवाजात. काउंटरच्या आजींना वाटलं तक्रार चाललीय, त्या धावत आल्या, सॉरी सॉरी करत तीन पौंडाची चादर दोन पौंडाला दिली. बाबा म्हणाले कापड चांगलं आहे, घे. मग दिवसभर ती चादर माझ्या खांद्यावर.

गिरण्यांपाशी पोचायला दुपार झाली. रात्री मी सगळं वाचून ठेवलं होतं, म्हटलं आज आपण गाइड. जेडेडाया स्ट्रट नावाचा माणूस, आधी मोजे विणायच्या मशीनमध्ये सुधारणा करून पुढे आलेला, मग रिचर्ड आर्कराइटचा पार्टनर झाला, त्यांनी १७७१ मध्ये इथून वर क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली, मग स्ट्रटने बेल्परला स्वतःच्या काढल्या. या नदीकाठच्या सगळ्या गिरण्या मिळून २००१ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

"आपलं व्हीटी पण आहे त्यात," बाबा.

"हो, २००४."

"मग ठीक."

समोर ईस्ट मिल, १९१२ ची, लाल विटांची, सात मजली, कोपऱ्यांवर मनोरे, एकदम आपल्या परळ-लोअर परळची आठवण यावी अशी, फक्त चिमणीच्या जागी टॉवर आलेला नाही. तिच्या बाजूला जुनी नॉर्थ मिल, बुटकी वाटते तिच्यापुढे, पण खरी वस्ताद तीच. आधीची लाकडी मजल्यांची मिल १८०३ मध्ये जळाली, म्हणून स्ट्रटच्या मुलाने १८०४ मध्ये ही लोखंडी खांब आणि विटांच्या कमानींवर उभी केली, आग लागली तरी पसरू नये म्हणून. मी हे सांगत होतो तर बाबांनी मला मधेच थांबवलं. आग का लागते ते तुला माहितीय का म्हणाले. हवेत कापसाची भुकटी, जमिनीत वर्षानुवर्षं मुरलेलं तेल, वर उजेडाला मेणबत्त्या नाहीतर दिवे. ठिणगी पडायचा अवकाश. माझं गाइडपण तिथेच संपलं.

"पण कापड कुठे विणायचे?"

"इथे नाही बाबा, इथे फक्त सूत."

"नुसतं सूत?" साचेवाल्याची मान जराशी वर गेली. गिरणगावात साचेखात्याचा एक तोरा असायचा, सूतवाल्यांना जमेस धरायचे नाहीत. दोनशे वर्षांपूर्वीच्या वर्ल्ड हेरिटेज गिरणीलाही तो नियम लागू झाला.

रस्त्यावरून दोन इमारतींना जोडणारी एक कमान आहे, तिच्या भिंतीत बंदुकीची भोकं ठेवलीत, दंगा झाला तर आतून गोळ्या झाडता याव्यात म्हणून. मशीन फोडणाऱ्यांची भीती होती मालकांना. हे मी जरा रंगवून सांगितलं. बाबा वर बघत राहिले.

"भोकांचं तोंड कुठे आहे?"

"रस्त्याकडे."

"म्हणजे आपल्याकडे."

मग दोन मिनिटं ते खरंच हळू होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते, अडीच लाख माणसं बाहेर, त्यानंतर ते एका बिल्डिंगला वॉचमन लागले ते रिटायर होईपर्यंत. या विषयावर ते बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही. मी आपलं स्ट्रटच्या चांगल्या गोष्टी सांगायला घेतल्या, लाँग रो नावाची कामगारांची दगडी घरांची रांग, मागे बागा, मालकाच्याच शेतावरचं दूध, पैसे पगारातून कापून.

"पगारातून कापून," बाबा म्हणाले, "हे मात्र सगळीकडे सारखं."

सॅम्युअल स्लेटरची गोष्ट त्यांना जाम आवडली. बेल्परचाच पोरगा, स्ट्रटकडे उमेदवारी केलेला. त्या काळी कापडाच्या मशीन, त्यांचे नकाशे आणि ती चालवणारे कारागीर देशाबाहेर न्यायला बंदी, म्हणून हा १७८९ मध्ये सगळं डोक्यात पाठ करून शेतमजूर असल्याचं भासवून अमेरिकेला गेला आणि तिकडे पॉटकेटला गिरणी काढली. अमेरिकेत तो उद्योगाचा जनक, इथे 'स्लेटर द ट्रेटर'. पुढे दोन्ही गावांची दोस्ती झाली आणि पॉटकेटहून, तिथे तेव्हा मिस्टर पोटॅटो हेड बनवणारी खेळण्यांची कंपनी होती, बेल्परला त्या बटाट्याचा माणसापेक्षा उंच पुतळा भेट आला. गावाला तो काही पचला नाही, नंतर हलवला.

बाबांनी हिशेब केला. "गिरणी नेली आणि बटाटा दिला?"

बटाट्यावरून भूक. इथे पावाला कॉब म्हणतात आणि चिप कॉब म्हणजे पावात तळलेल्या बटाट्याच्या जाड फोडी, बास. बाबांनी पाव उघडून आत बघितलं, वडा नाही, चटणी नाही, मिरची नाही. मग खिशातून गोळ्यांची रिकामी डबी काढली, त्यात लसणाची चटणी. ती भुरभुरली. नदीकाठच्या बागेत आम्ही उभ्यानेच खात होतो (बाकांवर पट्ट्या) आणि समोर तो घोड्याच्या नालेच्या आकाराचा बंधारा, १७९७ चा, त्यावरून डरवेंट नदी नुसती कोसळतेय. खाली खरीखुरी बदकं. आणि एवढ्या वेळात माझ्या लक्षात आलं नव्हतं की इथे कुणीच आमच्याकडे वळून बघत नाहीये. पाण्याचा आवाजच एवढा की सगळे ओरडून बोलत होते. अख्ख्या इंग्लंडमध्ये ही एकच जागा असेल जिथे बाबांचा आवाज नॉर्मल होता. उलट तेच मला म्हणाले, "काय पुटपुटतोयस, मोठ्याने बोल."

तिथे ते अर्धा तास बोलले. त्यांच्या साच्यावर ओतीव लोखंडाची पाटी होती, तीवर इंग्रजी अक्षरं उठावाची, रोज पाळी सुटताना ती चिंधीने पुसायचे, तेलकट अक्षरं बोटाखाली लागायची, बी एल ए सी के. शाळा चौथीत सुटलेली, इंग्रजी अक्षरं ते त्या पाटीवर शिकले. "ब्लॅकबर्न. ते गाव आहे का रे खरंच?"

आहे म्हटलं.

परतीच्या गाडीत तोच शांत डबा. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात लालबागला आईला फोन लागला, स्पीकरवर, तिकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले. "ऐकतेस का, पुढच्या शनिवारी आम्ही ब्लॅकबर्नला चाललोय! ब्लॅकबर्न! अगं साच्यावरचं!"

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो, तर समोरच्या बाई पुढे वाकल्या. "ब्लॅकबर्न म्हणालात का? मँचेस्टरवरून जा, गाडी बदलायला लागेल." त्यांच्या मागचा माणूस म्हणाला छे, मँचेस्टरला स्टेशन बदलायचा त्रास आहे, प्रेस्टनवरून बरं. दारातला पोरगा मोबाइलमध्ये टाइमटेबल काढून आला. कुणाची तरी आजी तिथल्या मिलमध्ये होती. कुणीतरी म्हणालं शनिवारी कशाला, रुळांची कामं असतात, प्रेस्टनवाला म्हणाला ती रविवारी, मग त्यावर वाद, डबाभर कालवा. मी मधे बसून याचं त्याला आणि त्याचं याला ट्रान्सलेट करतोय, मांडीवर चादर.

बाबांनी फोन कानाला लावला, दुसरा कान हाताने बंद केला आणि वैतागून माझ्याकडे बघितलं.

"अरे यांना सांग जरा हळू बोलायला, तुझी आई काय म्हणतेय काही ऐकू येत नाहीये."