‘वावरातला माणूस’ यांच्या कमेंटला उत्तर (लांबलं आहे, सांभाळून घ्या)

नमस्कार भाऊ,

तुमची कमेंट काल रात्री अकरा वाजता वाचली, मग झोप काही आली नाही, म्हणून सकाळी नळाचं पाणी भरून झाल्याबरोबर लिहायला बसले.

बाकीच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. 15 जूनला म्हाताऱ्या माणसांच्या छळाविरुद्धचा जागतिक दिवस असतो, त्यानिमित्त मी एक पोस्ट टाकली होती. घरातल्या म्हाताऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे हाल होऊन राहिले हे शेजारपाजारच्यांनी कसं ओळखायचं आणि कुठं सांगायचं, एवढंच होतं त्यात. त्यावर भाऊ लिहितात: ‘मॅडम, ज्यानं कधी कोणाचं हागणंमुतणं काढलं नाही त्यानं लक्षणांच्या याद्या लिहू नये. सुनांना आरोपी करून ठेवलं तुम्ही. ती हेल्पलाईन रात्री लागतच नाही. पोलिसात गेलं तरी बुढ्याले रात्री त्याच घरात झोपायचं असते, मग काय होते ते तुमाले माहीत नाही. शेतकरी सोताच कर्जात बुडाला, तो मायले सफरचंद चारीन का? माही माय सपरीतच झोपते, तिले तिथंच बरं वाटते. तुमच्या हिशोबानं मी पण गुन्हेगारच.’ आणि खाली हसणारे तीन चेहरे. (सपरी म्हणजे घराबाहेरची उघडी पडवी.)

पहिले तर त्या तीन चेहऱ्यांबद्दल. विषय काय, आणि हसता कशावर भाऊ? मतभेद असू द्या ना, मी कुठं नाही म्हणते, पण ज्या पोस्टमध्ये बेडसोर (एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमा) आणि उपाशी ठेवणं याच्यावर लिहिलं आहे तिच्याखाली दात काढायचे? आणि ‘मॅडम’. इथं लोक मला ताई म्हणतात, काकू म्हणतात, एकदोन पोट्टे तर डायरेक्ट मावशी म्हणतात. तुमच्या ‘मॅडम’मध्ये जो काटा आहे तो मला समजते. म्हणजे ही बाई पुण्यामुंबईत एसीत बसून आम्हा खेड्यातल्यांना शिकवून राहिली. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातच राहते, आमच्याकडे नळ तीन दिवसाआड येतो आणि एसी फक्त बँकेत असतो, तोही बंद.

एक चूक माझी आहे, ती मान्य. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाईन चोवीस तास चालू असते असं मी लिहिलं होतं. ती सकाळी 8 ते रात्री 8 असते. रात्री मारहाण चालू असली तर 112 लावायचा. पोस्टमध्ये दुरुस्त केलं आहे. चूक झाली तर झाली म्हणायला मला लाज वाटत नाही, काही लोकांना वाटते.

आता तुमचं ते पहिलं वाक्य. ‘ज्यानं कधी काढलं नाही.’

2011 साली, ऐन सोयाबीन काढणीत, माझ्या मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, लकवा झाला. उजवी बाजू पूर्ण गेली, जीभ जड. त्यानंतर चार वर्षं दोन महिने ते खाटेवर होते आणि ते चार वर्षं दोन महिने मी काढलं. मीच. आमचे हे वावरात, नाहीतर सोसायटीच्या चकरा मारत, दीर नागपूरले, ते पोळ्याला आणि दिवाळीला येत, केळी आणत. मामाजी असे माणूस होते की मी डोक्यावर पदर नसताना समोर गेले तर ते स्वतःच खाकरून दुसरीकडे पाहत. त्या माणसाचं धोतर मी पहिल्यांदा सोडलं तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि संध्याकाळपर्यंत वळवलं नाही, भाकर पण भिंतीकडे पाहूनच खाल्ली. जुन्या लुगड्यांचे तुकडे, खाली खताच्या पोत्याचं प्लास्टिक, कोमट पाणी, डेटॉल. हाताचा वास जात नाही तो. तुम्ही मला हे विचारता?

आणि आता विचारलंच आहे तर पुढचंही ऐका, जे मी पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात, भारनियमन, पंखा बंद, पोरगा तापानं फणफणलेला, दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा नाही, आणि मामाजींनी घास थुंकला. माझ्या अंगावर. मी त्यांचा दंड धरला आणि गदगदा हलवलं. किती वेळ ते आठवत नाही, फार नसेल, पण दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटं उठली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना पूर्ण बाह्यांचा सदरा घालून दिला. वैशाखात. माझ्या यादीत ‘उन्हाळ्यात पूर्ण बाह्या’ असं जे आहे, ज्याच्यावर तुमच्यासारख्या अजून एकानं जोक केला, ते मी कोण्या पुस्तकातून उतरवलेलं नाही.

दोनतीन दिवसांनी आशा ताई आली, लसीकरणाच्या यादीसाठी. सहज म्हणाली, ‘आबाजीची पाठ पाहू द्या जरा.’ मले असा राग आला. मी म्हटलं, ‘तुमच्या घरचे पाहा पहिले.’ तुमच्याच टोनमध्ये भाऊ, फक्त चेहरे नव्हते टाकले. ती ऐकली नाही, तिनं कूस वळवली तर माकडहाडावर रुपयाएवढी जखम. मी रोज पुसत होते आणि मला दिसली नव्हती, किंवा दिसली होती आणि मी पाहत नव्हते, आता काय सांगू. ती पोलिसात गेली नाही. दुसऱ्या दिवशी उपकेंद्राच्या सिस्टरले घेऊन आली, दर दोन तासांनी कूस बदलायची हे शिकवलं, पोटरीखाली चिंध्यांची घडी देऊन टाच अधांतरी ठेवायला सांगितली, आणि आमच्या यांच्यासमोर स्पष्ट बोलली की हे एका बाईचं काम नाही, दिराला फोन लावा. दीर आले, केळी न घेता आले, आणि त्यानंतर महिन्यातले आठ दिवस मामाजींचं तेच करत. म्हणजे तक्रार झाली होती, भाऊ. माझी झाली होती. म्हणून यादी लिहिली.

त्या यादीत मी हेही लिहिलं आहे (तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसेल) की एका डागावरून कोणाला चोर ठरवू नका. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असल्या तर नुसता धक्का लागला तरी काळंनिळं होते, आणि चांगली सेवा असूनही जखम होऊ शकते. पण डाग आहे, वजन घटलं, चष्मा काढून घेतला, विचारलं म्हाताऱ्याला आणि उत्तर दुसराच कोणी देते, असं सगळं एकत्र दिसलं तर विचारायचं. विचारायचं एवढंच म्हटलं मी.

बाकीचं पटपट घेते. सुनांना आरोपी केलं म्हणता. माझ्या पोस्टमध्ये सून हा शब्द दोनदा आहे, मोजला मी, आणि एकदा तर ‘सून एकटीच मरते’ असा आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अपत्य म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्या व्याख्येतच नाही. वाचा.

कर्ज. गरिबी म्हणजे छळ असं मी कुठंच म्हटलं नाही, सफरचंदं तुमच्याच डोक्यातून आली. पण श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे महिन्याचे 1500 रुपये म्हातारीच्या खात्यात येतात, तिचा अंगठा लावून ते काढतं कोण आणि तिच्या हातात किती पडतात, हे कर्जाच्या नावाखाली झाकू नका. आणि वावर नावावर करून देताना बक्षीसपत्रात ‘सांभाळ करायचा’ ही अट लिहून घ्या, हे मी पुन्हा सांगते, कारण अट असली आणि पोरानं पाहिलं नाही तर त्याच कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द होऊ शकते.

पोलीस हा शब्द माझ्या पोस्टमध्ये अगदी शेवटी आहे. त्याच्याआधी एसडीओ (उपविभागीय अधिकारी) साहेबांकडचं 2007 च्याच कायद्याचं न्यायाधिकरण आहे, वकील लावायची गरज नाही, म्हाताऱ्याले जाता येत नसेल तर त्यानं सांगितलेला दुसरा माणूस अर्ज करू शकते, महिन्याला 10,000 पर्यंत खर्च बांधून देता येते. अंथरुणावरचा माणूस दिव्यांग असला तर 2016 च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानं कोणीही तहसीलदाराले कळवू शकते. छळ होणारी बाई असली तर संरक्षण अधिकारी आहे, आणि चांगल्या हेतूनं खबर देणाऱ्या शेजाऱ्यावर केस होत नाही, हे 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातच लिहिलं आहे. ‘लोकाच्या भानगडीत कायले पडता’ म्हणणाऱ्यांसाठी हे.

‘रात्री त्याच घरात झोपायचं असते’, हा मुद्दा मोठा आहे, त्याच्यावर कधीतरी वेगळं लिहीन, इथं जागा नाही.

तुमची कमेंट मी डिलीट करणार नाही, राहू द्या. फक्त एक गोष्ट रात्रीपासून डोक्यात फिरून राहिली. तुमच्या मायबद्दल मी काही विचारलं नव्हतं, इथं कोणीच विचारलं नव्हतं. ती सपरीत झोपते हे तुम्हीच सांगितलं. डिसेंबरात पण तिथंच झोपते का?