सैंधव चालतं ना?

"मीठ कमी करा." डॉक्टरांचे तीन शब्द संपतात आणि पुढच्या पेशंटला हाक जाते. उरलेलं महाभारत ओट्यापाशी घडतं. किडनीच्या पथ्यात मीठ बहुधा दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. ऐकताना वाटतं, जमेल की! मग कळतं, कणकेतलं, ब्रेडमधलं आणि चाट मसाल्यातलं मीठही याच चमच्यात बसवायचं आहे.

भेटायला आलेली मावशी पिशवी ठेवायच्या आत विचारते, "सैंधव चालतं ना गं?" मावशी, सैंधव म्हणजे उपासाचं सोवळं नेसलेलं मीठच. काळं मीठही त्याच घरातलं, वास तेवढा निराळा. 'लो सोडियम'चा पुडा मात्र खरा बेरकी. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड बसवलेलं असतं, आणि रक्तात पोटॅशियम आधीच चढलेलं असेल तर हृदयाचे ठोकेच बिघडायचे. पापडखार आणि खायचा सोडा यांत तर खारटपणा न दाखवता सोडियम घुसतं. काढ्यातल्या ज्येष्ठमधानं रक्तदाब वाढतो, तेही नको.

मग चव आणायची कुठून? फोडणीतून. चौघांच्या दुधीला एक मोठा चमचा तेल, अर्धा चमचा मोहरी. मोहरी पूर्ण तडतडू द्यायची. कच्ची राहिली तर नुसतीच दाताखाली येते. मग अर्धा चमचा जिरं, चार ठेचलेल्या लसूणपाकळ्या, आठ-दहा कढीपत्त्याची पानं, चिमूटभर हिंग. गॅस बंद करून हळद-तिखट टाकायचं आणि लगेच दुधीच्या फोडी वर लोटायच्या.

ही घाई उगाच नाही. मीठ कडूपणा दाबतं. मीठ असलेल्या भाजीत जरा करपलेलं तिखट खपून जातं. बिनमिठाच्या भाजीत तेच पहिल्या घासाला चहाडी करतं. मेथीदाण्यांचंही तेच. एरवी सहा टाकत असाल तर इथे दोन.

घरचा गोडा मसाला अर्धा चमचा पुरे. त्यात मीठ नसलं तरी तीळ-खोबऱ्याबरोबर फॉस्फरस येतंच, आणि किडनीच्या पथ्यात त्यावरही नजर ठेवावी लागते. पावभाजी मसाल्याच्या पुड्यावर मीठ कुठे लिहिलंय ते शोधायला भिंग लागतं, म्हणून तो मला आवडतच नाही. धने-जिरं कोरडं भाजून कुटलेलं बरं, आणि तेही आठवड्यापुरतंच. जुन्या पुडीला वास कमी, म्हणून हात मिठाकडे जातो.

वाट्याचं मीठ शिजताना टाकायचं नाही. ताटात वाढल्यावर मोजून वरून भुरभुरवायचं, म्हणजे थोडकंही जिभेला लागतं. भाजी उतरवल्यावर अर्ध्या लिंबाचा रस पिळायचा; आंबटपणानं खारटाची उणीव बरीच झाकली जाते. कोथिंबीर वरून चमचाभर, जुडीभर नव्हे. पोटॅशियमचा आकडा वर असेल तर तीही आहारतज्ज्ञांना विचारून.

एवढं करून ताट पुढे ठेवावं, तर मावशीचा हात बरणीकडे गेलेलाच असतो.

"लोणच्याची फोड नको देऊ, बाई. नुसता खार देते!"