तिचा गिटारवाला म्हणू नका त्याला

आज दुपारी एका ओळखीच्या मुलाचं स्टेटस बघितलं. अमेरिकन गायिका गिलियन वेल्चचा पहिला अल्बम 'रिव्हायव्हल' त्याने आत्ता पहिल्यांदा ऐकला आणि आवाजाच्या पार प्रेमात पडलाय, वाचून इतकं छान वाटलं, आणि मग शेवटची ओळ. 'तिचा गिटारवालापण बरा वाजवतो.' झालं. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. तिथेच कमेंट टाकणार होते, पण पोरगं गुणी आहे, चारचौघांत बोललं तर उगाच हिरमुसेल, म्हणून इथे लिहितेय.

अरे, डेव्हिड रॉलिंग्ज नाव आहे त्याचं. बॉस्टनच्या बर्कली म्युझिक कॉलेजमध्ये कंट्री बँडच्या ऑडिशनला भेटले दोघं, मग कंट्री संगीताच्या गावी, नॅशव्हिलला आले, आणि तेव्हापासून एकत्रच. १९९६ साली 'रिव्हायव्हल' आला तेव्हा त्यातली कितीतरी गाणी दोघांनी मिळून लिहिलेली होती, आवाज दोघांचे, गिटारी दोघांच्या. आणि कव्हरवर नाव एकाचंच.

हेडफोन लावून ऐका एकदा. तिच्या आवाजाला इतका चिकटून दुसरा आवाज चाललाय की पहिल्यांदा तो वेगळा कळतच नाही, शब्द एकत्र सुटतात, श्वास एकत्र घेतले जातात. आणि ती गिटार! १९३५ ची एपिफोन ऑलिंपिक, लहानशी, त्या काळातलं स्वस्तातलं मॉडेल. मागे नुसते कॉर्ड देत बसत नाही तो. ती एक ओळ म्हणते आणि हा मध्येच असा एक स्वर लावतो की वाटतं चुकला की काय, तो तसाच अधांतरी ठेवतो आणि मग अलगद सोडवून देतो. तो स्वर काढून टाका, मग बघा त्या ओळीचं काय उरतं. याला 'बरा वाजवतो' म्हणायचं?

मला एवढा राग का येतो ते आमच्या घरातल्यांना माहितीये. माझी आत्या पेटी वाजवायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, भजनं, भावगीतं गायचे, आजूबाजूच्या गावांत बऱ्यापैकी नाव होतं, आणि आत्या साथीला. पुण्यातल्या एका छोट्या कॅसेट कंपनीने काकांची कॅसेट काढली होती. कव्हरवर शाल पांघरलेले काका, खाली ठळक अक्षरात त्यांचं नाव. आत्याचं नाव शोधायला कव्हर बाहेर काढून पूर्ण उलगडावं लागतं, अगदी आतल्या घडीवर, ध्वनिमुद्रकाच्या खाली बारीक अक्षरात 'हार्मोनियम साथ : सौ.' आणि पुढे काकांचं नाव, आडनाव. म्हणजे तिचं स्वतःचं नाव त्या कॅसेटवर कुठेच नाही! आणि त्यातल्या काही चाली तिच्या होत्या, मी तिला दुपारी निवडायचं ताट बाजूला सारून त्या बसवताना बघितलंय. तिथे छापलंय 'पारंपरिक'.

तर असो.

'रिव्हायव्हल' आला तेव्हा तिकडच्या समीक्षकांनी वाद घातला तो भलताच. लॉस एंजेलिसमध्ये वाढलेली, आईवडील टीव्हीच्या कार्यक्रमासाठी संगीत लिहिणारे, हिने डोंगरातल्या गरिबांची, अनाथांची गाणी का लिहावीत, ही खरी का खोटी. ती कुठून आली यावर पानंच्या पानं, आणि शेजारी उभा राहून तिच्याइतकंच गाणारा माणूस मात्र 'साथीला'. मला तर वाटतं, खरं-खोटं ओळखायचंच होतं तर या दोघांच्या आवाजातल्या अंतरात ओळखता आलं असतं. इतकं जवळ गाणं ढोंग करून जमत नाही.

आणि गंमत नाही, खरंच वाईट वाटतं यात, की ही दोघं ज्या परंपरेतून आली ती मुळात जोड्यांची परंपरा. स्टॅन्ली ब्रदर्स, डेलमोर ब्रदर्स, लूव्हिन ब्रदर्स. दोन भाऊ, एक वाद्य याच्या हातात, एक त्याच्या, आणि एका माइकपुढे दोन गळे. तिथे कोणी विचारलं नाही की मुख्य कोण आणि साथीला कोण, नावातच दोघं आहेत. कॉलेजात असताना स्टॅन्ली ब्रदर्स ऐकून गिलियनला वाट सापडली, आणि तिच्याच अल्बमवर दुसरं नाव नाही.

बरं, मान्य, त्या दोघांनी स्वतःच सांगितलंय की आमचा दोघांचा बँड आहे आणि बँडचं नाव 'गिलियन वेल्च' आहे. डेव्हिडची तक्रार नव्हती. नंतर त्याच्या नावाने बँड निघाला तेव्हा ती त्याच्या शेजारी उभी राहून गायली, तेही मान्य. पण तक्रार नव्हती हे आत्याच्या बाबतीतही सगळे सांगतात मला. 'तिला कुठे काय वाटायचं!' कोणी विचारलं होतं का तिला? काकांचा दम कमी पडायला लागला तेव्हा अंतऱ्याच्या शेवटी त्यांचा आवाज सुटायच्या आधी पेटीचा स्वर तिथे पोचलेला असायचा, लोकांना वाटायचं काका काय लांबवतात! त्या टाळ्या कोणाच्या होत्या?

मी ओरडतेय, कळतंय मला.

काका वाईट नव्हते हो. कार्यक्रमात दरवेळी तिची ओळख करून द्यायचे, तिने मान हलवल्याशिवाय सुरुवात करायचे नाहीत. कव्हर कंपनीने छापलं, त्यांना न दाखवता. पण छापलं ते छापलं. भजनाला आलेल्यांनी तिला ऐकलं ते आता थकले, काही गेले, आणि कॅसेट तेवढी उरलीये.

२०११ च्या 'द हॅरो अँड द हार्वेस्ट'वर तर पहिल्यापासून शेवटपर्यंत ही दोनच माणसं आहेत, तिसरं कोणी नाही, तरी वर नाव एकच. मग मार्च २०२० मध्ये नॅशव्हिलला टॉर्नेडो आला, यांच्या वुडलँड स्टुडिओचं छप्पर गेलं, रात्रभर दोघं पावसात टेप आणि गिटारी वाचवत होती. त्यापाठोपाठ लॉकडाऊन. घरात बसून, घरच्याच टेपरेकॉर्डरवर दोघांनी जुनी, दुसऱ्यांची गाणी गायली आणि तो 'ऑल द गुड टाइम्स' काढला. त्यावर पहिल्यांदा दोघांची नावं, शेजारी शेजारी. म्हणजे माझ्या हिशोबाने या जोडीचा पहिला अल्बम २०२० चा! २४ वर्षं लागली. त्याला ग्रॅमी मिळालं. मग २०२४ ला स्वतःच्या गाण्यांचा 'वुडलँड', पुन्हा दोन नावं, पुन्हा ग्रॅमी. ते कव्हर स्क्रीनवर आलं तेव्हा मी गाणं लावायच्या आधी नुसती नावं वाचत बसले होते, आणि खरं सांगते, आत्याची फार आठवण आली.

नाव छापल्याने गाणं बदलत नाही म्हणाल, नाही बदलत, सूर तेच राहतात. पण तो पोरगा आज 'गिटारवाला' म्हणाला ना, तो काही मुद्दाम नाही म्हणाला. त्याला कव्हरने जे सांगितलं तेच त्याने लिहिलं. उद्या आत्याची कॅसेट कोणी यूट्यूबवर टाकली तर तिथेही 'पारंपरिक'च लिहिणार.

म्हणून मीच टाकणार आहे ती. चुलतभावाकडे चालू टेप आहे, कॅसेट त्याच्याकडे पाठवतेय. 'पारंपरिक' खोडून चालीपुढे आत्याचं पूर्ण नाव लिहिणार, माहेरच्या नावासकट, आणि कोणत्या चाली तिच्या ते मला आठवतंय.

तुमच्याकडेही घरच्या कोणाच्या अशा जुन्या कॅसेट असतील तर कव्हर बाहेर काढा, पूर्ण उलगडा, आतल्या घडीचा फोटो खाली टाका. तबला, टाळ, पेटी, कोरस, जे कोण असेल ते. आणि जिथे नुसतं 'सौ.' छापलंय तिथे त्या बाईचं स्वतःचं नाव काय होतं तेही लिहा.