रांगोळीवरून गेलेले चाक

आज सकाळी पावणेसातला आमच्या काकूंनी सडा घालून उंबऱ्यापुढच्या रांगोळीची शेवटची रेघ ओढली आणि कमरेवर हात ठेवून त्या उठल्या, तेवढ्यात एक दुचाकी त्या रांगोळीवरून भरधाव निघून गेली. पुढे दहा-बारा फुटांपर्यंत टायरची पांढरी नक्षी उमटत गेली होती. काकू पाऊलभर मागे होत्या, एवढेच.

कसबा पेठ पाहिलेल्यांना सांगायला नको की येथे उंबरा ओलांडला की थेट रस्ताच लागतो. 1732 साली शनिवारवाडा बांधला गेला त्याच्याही आधीची ही वस्ती, गल्ल्यांची मापे पालखीची आणि बैलगाडीची. आणि तांबट आळीत तर हातोड्यांच्या ठोक्यांत मागून येणारी गाडी ऐकूही येत नाही. ताशी 40 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला 11 मीटर पुढे जाते. काकूंना समोरच्या दाराशी पोहोचायला आठ-दहा सेकंद लागतात. हिशेब ज्याने त्याने करावा.

मोटार वाहन कायद्याच्या 112व्या कलमाने राज्य सरकारला विशिष्ट भागासाठी कमी वेगमर्यादा ठरवता येते आणि 2019च्या दुरुस्तीनंतर ती मोडणाऱ्या हलक्या वाहनाला किमान 1,000 रुपये दंड आहे. मग अडते कोठे? द्रुतगती मार्गावर कॅमेरे बसतात, चौकात हेल्मेटसाठी माणसे अडवली जातात, पण वेग मोजण्याचे यंत्र आमच्या गल्लीत आलेले मी आजवर पाहिलेले नाही. पेठेत ताशी 20 पुरे, आणि ते पाटीवर नव्हे, पावतीवर दिसले पाहिजे. गतिरोधक घाला म्हणणाऱ्यांनी एकदा बाळंतिणीला रिक्षातून त्यावरून न्यावे!

आमच्याच घरातला मुलगा उशीर झाला की याच गल्लीतून गाडी पिटाळतो, हे मान्य करतो. पहिली पावती त्याचीच फाडा.

दुपारी राग थोडा निवळल्यावर काकूंकडे गेलो. चाकाची ती नक्षी त्यांनी पुसलेली नव्हती. त्या पोरालाही कामावर पोहोचायची घाई असेल, असे त्याच मला समजावत होत्या, आणि उद्यापासून रांगोळी आत, वाड्याच्या चौकात काढीन, म्हणाल्या. मी त्यांना नको म्हटले आहे. उद्या साडेसहाला खुर्ची घेऊन मी त्यांच्या शेजारी रस्त्यात बसणार आहे.