हंपी चुकली म्हणून दिव्या जिंकली?

"हंपीने घाईत माती खाल्ली, म्हणून दिव्या तरली." कोनेरू हंपी आणि दिव्या देशमुख यांच्यातल्या, २०२५च्या महिला बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम लढतीबद्दल हे वाक्य मला अजून ऐकू येतं, तेही स्वतः स्पर्धा खेळणाऱ्यांकडून. मला ते अजिबात पटत नाही. त्यात दोघींवरही अन्याय आहे.

जॉर्जियातल्या बातुमीत त्यांचे दोन क्लासिकल, म्हणजे विचाराला भरपूर वेळ असलेले, डाव बरोबरीत सुटले. पहिल्यात दिव्याचं पारडं चांगलंच जड झालं होतं, पण हंपी चिवटपणे तगली. मग २८ जुलैला रॅपिड टायब्रेक, म्हणजे निकाल लावण्यासाठी कमी वेळाचे जलद डाव: प्रत्येकीला १५ मिनिटं, वर दर चालीला १० सेकंद. पहिला डाव पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात पांढरी मोहरी हंपीकडे. आणि हंपी कोण? अवघ्या सात महिन्यांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्यांदा जागतिक रॅपिड विजेती झालेली. घड्याळ कसं सांभाळायचं हे तिला कुणी शिकवायला नको.

अशी खेळाडू वेळेच्या कोंडीत सापडते ती समोरची सापडायला लावते म्हणून. दिव्या काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती, तरी डाव मिटवायला तयार नव्हती. दर चालीला नवा प्रश्न, आणि उत्तर शोधायला काही सेकंद. चाळिसाव्या चालीला हंपीने प्यादं सोडलं आणि पट उघडला. पुढे दिव्याच्याही हातून नेमकी चाल निसटली, बरोबरीची वाट पुन्हा दिसू लागली. हंपीला ती सापडली नाही. इतकी झुंज देऊन झालेल्या चुकीला माती खाणं म्हणायचं?

हे सगळं थेट प्रक्षेपणात पडद्याच्या कडेला हलणाऱ्या, कुणाचं पारडं जड ते दाखवणाऱ्या त्या काळ्या-पांढऱ्या पट्टीने केलंय. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, क्षणात 'घोडचूक' म्हणतं आणि ती दिसायला किती अवघड होती हे आपण विचारतच नाही.

'म्हातारी हरली, पोरगी जिंकली' असंही काहीजण म्हणाले, ते तर मला सर्वांत जास्त खटकलं. अडतिसाव्या वर्षी उपांत्य फेरीत चीनच्या लेई टिंगजीला हरवून आलेली बाई म्हातारी? आणि एकोणीस वर्षांच्या दिव्याने झू जिनर, हरिका, तान झोंगयी अशा नावाजलेल्या एकेकीला बाजूला सारलं होतं. एकही नॉर्म (ग्रँडमास्टर किताबासाठी स्पर्धांमधून मिळवावा लागणारा टप्पा) हाती नसताना ती थेट ग्रँडमास्टर झाली, ती या विजयामुळे. हे नशिबाने पदरात पडत नाही.

तो दुसरा रॅपिड डाव एकदा इंजिन बंद करून पाहा. प्रत्येक चालीला दहा सेकंद मोजा, हंपीच्या जागी बसून स्वतःची चाल ठरवा, आणि मग कमेंटमध्ये सांगा कुठे अडलात.